जुन्या गलेफावरची अक्षरं नव्या मखमलीवर घ्यायची आहेत, कुणी केलंय का?

फॉलपिको_चोपडा | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. नवीन लोकांसाठी सांगते, माझं चोपड्यात फॉल-पिको, ब्लाऊज आणि थोडंफार आरी वर्कचं दुकान आहे, दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली.

शेजारच्या चाची परवा भर दुपारी एक गाठोडं घेऊन आल्या. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं, आत कडुनिंबाचा पाला वाळून पार चुरा झालेला, आणि त्यात त्यांच्या सासूच्या वेळचा गलेफ, म्हणजे दर्ग्यात कबरीवर चढवायची चादर. गावाकडे एका छोट्या दर्ग्याची सेवा त्यांच्या घराण्याकडे आहे, उरुसात संदलच्या, म्हणजे कबरीला चंदन लावतात त्या रात्री पहिला हाच चढतो, बाकी लोक आणतात त्या चादरी नंतर. मखमल हिरवी, म्हणजे होती हिरवी, आता शेवाळलेल्या हौदासारखा रंग आलाय. मधोमध वीतभर उंच सोनेरी अक्षरांची एक ओळ, डोक्याकडच्या बाजूला लहान अक्षरांची दुसरी, चार कोपऱ्यांत चार फुलं आणि भोवती झालर. गंमत म्हणजे अक्षरं अजून ठणठणीत आहेत, मखमलच गेलीय, आणि तीपण कुठे तर बरोब्बर अक्षरांच्या कडेकडेने, शिवणीवरून फाडल्यासारखी.

चाचींच्या मुलाने सुरतेत एका दुकानात दाखवलं तर तो म्हणे टाका हे, रेडिमेड घ्या, कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी, दोन दिवसांत मिळेल. चाची माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, "बेटा तू ब्लाऊजवर इतकं करतेस, हे नाही का होणार?" आणि मी हो म्हणून बसले!! आता रात्री झोप नाही. मला अरबी-उर्दूचं अक्षर येत नाही, उलटं की सुलटं तेपण चाचींनीच सांगितलं. उरुसाला सव्वा महिना आहे. कुणी असं काम केलंय का, आणि मी हात लावण्यात काही चुकतंय का तेपण सांगा. चाचींना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या.

केळीवाला_रावेर | रविवार, रात्री १०:४०

ताई तुम्ही आधी हो म्हणता आणि मग धागा काढता, मागच्या वेळी ते नऊवारीचं काष्ट्याचं असंच झालं होतं 😀 फोटो टाका की.

अड्ड्यावरचा | रविवार, रात्री ११:२५

फोटो झूम करून पाहिला. ताई हे आरीचं काम नाही, हे जरदोजी. मी नंदुरबारचा, अकरा वर्षं सुरतेला अड्ड्यावर, म्हणजे भरतकामासाठी कापड ताणायच्या चौकटीवर बसलोय म्हणून ओळखलं. आरीत सुईला आकडा असतो, दोरा खालून वर ओढून साखळी पडते, भराभर जातं. इथे साधी सुई आहे. अक्षराच्या खाली आधी पुठ्ठा कापून बसवतात, त्याला वसली म्हणतो आम्ही, किंवा जाड सुताचा भराव देतात, आणि त्याच्यावर दबका आडवा मारतात. दबका म्हणजे स्प्रिंगच समजा, पेनातली असते ना तशी पण केसाएवढी बारीक, आतून पोकळ. ती कात्रीने मापात तोडायची, मण्यासारखी सुईत ओवायची आणि भरावावरून पलीकडे टाकायची. तुकडा गव्हाच्या दाण्याएवढा. जरा लांब तुटला की पोट फुगतं, जरा आखूड पडला की खालचा पुठ्ठा दिसतो. वीतभर अक्षरात असे हजारभर तुकडे असतील, आणि उस्ताद लोक मापायला पट्टी घेत नाहीत, नखावर धरून तोडतात.

मखमल अक्षरांच्या कडेने का फाटली त्याचं उत्तर यातच आहे. सगळं वजन कडेच्या टाक्यांवर, आणि चादर दरवर्षी घडी घालून ठेवलेली, उचलताना अक्षर ताठ राहतं आणि कापड वाकतं. घडी नकोच घालायला, नळकांड्यावर गुंडाळायची, अक्षरं बाहेरच्या बाजूला ठेवून.

काम होण्यासारखं आहे. आम्ही याला उतरवणं म्हणायचो. अक्षराभोवती दोन सूत कापड सोडून अक्षर अख्खं कापून काढायचं, ते नव्या मखमलीवर बसवायचं आणि कडेने पुन्हा जर फिरवायची म्हणजे जुनी मखमल दिसत नाही. पण त्याआधी, आधी म्हणजे आधी, जुन्याचा खाका काढा. बटरपेपर ठेवून सगळं ट्रेस करा, रेषेवर सुईने बारीक भोकं पाडा, मग नव्या कापडावर ठेवून रॉकेलमध्ये नीळ नाहीतर पांढरी पावडर कालवून कापसाच्या बोळ्याने फिरवा, ठिपके उमटतात. एकदा अक्षरं सुटी झाली की कोण कुणाच्या शेजारी होतं ते ब्रह्मदेवालापण सांगता येणार नाही, तुम्हाला तर वाचताच येत नाही म्हणता.

हात लावायचं म्हणाल तर आमच्या अड्ड्यावर सहा जणांत दोन हिंदू होते. सगळेच हातपाय धुऊन बसायचे, आणि अक्षराचं काम चालू असलं की अड्डा ओलांडून कुणी जायचं नाही, वळसा घालून जायचं. एवढं पाळा.

फॉलपिको_चोपडा | सोमवार, सकाळी ७:०५

दादा तुम्ही देवासारखे धावून आलात. बटरपेपर आजच आणते.

पारोळेकर_भाऊ | सोमवार, सकाळी ९:३०

भो, बठ्ठं वाचं. मन्ही माय पोयाले बैलस्नी झूल शिवे, आरसा लावे, घुंगरू लावे. आते बठ्ठं रेडिमेड येस. ताई, तुम्ही कराच.

बऱ्हाणपूरकर | सोमवार, दुपारी १:१५

धागा अगदी आमच्या अंगणात आला म्हणून लिहितो. आज आमचं गाव मध्य प्रदेशात असलं तरी खानदेशची राजधानी होती हे लोक विसरतात. फारुकींचं राज्य, मग मोगलांचा सुभा, आणि कलाबत्तू म्हणजे रेशमावर गुंडाळलेली सोन्याचांदीची तार, ते तर आमचंच काम. तॅव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या १७ व्या शतकात इथून गेला, त्याने लिहून ठेवलंय की बऱ्हाणपूरचं झिरझिरीत कापड इराण, तुर्कस्तान, कैरो, पार पोलंडपर्यंत जात होतं. सुरत हे हजचं बंदर. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७६ मध्ये सुरतेहूनच जहाजाने मक्केला गेली. आग्र्याकडून सुरतेला जाणारा एक मोठा रस्ता बऱ्हाणपूरवरून तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, नवापूर असाच होता, म्हणजे हजला निघालेले कितीतरी लोक आपल्या गावांवरून गेले असणार.

कापडावर अक्षरं काढायची हौस मात्र फार जुनी. अब्बासी आणि फातिमी खलिफांचे सरकारी कारखानेच होते, तिराज म्हणत, कापडाच्या पट्टीवर खलिफाचं नाव आणि दुवा. इजिप्तमध्ये दमिएता, तिन्नीस ही त्याची गावं. नाण्यावर नाव आणि कापडावर नाव, दोन्ही राजाचाच हक्क. त्यातलं एक कापड १०९६-९७ च्या सुमाराला दमिएतात विणलेलं, ते क्रूसेडच्या धामधुमीत फ्रान्सला पोचलं आणि आप्त नावाच्या गावात चर्चने ते सेंट ॲनचं, म्हणजे येशूच्या आजीचं वस्त्र म्हणून शेकडो वर्षं पुजलं! त्यावर फातिमी खलिफाचं नाव आहे. वाचता कुणालाच येत नव्हतं पण जपलं जिवापाड. फॉलपिको ताई, तुम्ही एकट्या नाही.

ते कापड विणलेलं. भरतकामच बघायचं तर सिसिलीचा राजा रॉजर दुसरा याचा झगा बघा, ख्रिश्चन राजा, पण पालेर्मोच्या कारखान्यात हिजरी ५२८ म्हणजे ११३३-३४ मध्ये तयार झाला, लाल रेशमावर सोन्याच्या तारेने दोन सिंह उंटांवर झडप घालताना आणि काठाने सगळी अरबी अक्षरं. पुढे जर्मन सम्राट राज्याभिषेकाला तोच अंगावर घ्यायचे. आता व्हिएन्नात आहे.

केळीवाला_रावेर | सोमवार, दुपारी १:५०

सर मस्त. पण एक शंका, मी ऐकलंय की मुसलमान पुरुषांना रेशीम आणि सोनं अंगावर घालायला मनाई आहे, मग हे सोन्याचे झगे आणि चादरी कसं काय? भांडण नाही हं, खरंच विचारतोय.

उर्दूवाल्या_बाई | सोमवार, दुपारी ४:२०

प्रश्न चांगला आहे. मी धुळ्यात उर्दू शाळेत शिकवत होते, आता रिटायर. मनाई पुरुषांच्या अंगावरच्या कपड्याला आहे, बायकांना नाही. मक्केच्या काबावरही जरीचं वस्त्र असतं, पण काबा ही तर इमारत. राजेलोकांचं म्हणाल तर राजे सगळ्याच धर्मांतले सोयीने वागतात. साध्या हौशी माणसासाठी विणकरांनी पळवाट काढली होती ना, मशरू! वरून रेशीम, आतून सूत, म्हणजे अंगाला रेशीम लागतच नाही. मशरू या शब्दाचा अर्थच मुळी 'शरियतला चालणारं'. आपल्याकडे पैठण-औरंगाबादकडचं हिमरू सगळ्यांना माहीत असतं, मशरू त्याचंच भावंड.

भरतकाम आमच्या घरात रोज दिसतं ते जुजदानवर. कुराण शरीफ ज्या कापडी खोळीत ठेवतात ते जुजदान. माझ्या अम्मीने माझ्या लग्नात दिलेलं जांभळ्या मखमलीचं आहे, त्यावर तिने स्वतः सलमा-सितारा भरलाय, एका बाजूची चंद्रकोर जरा तिरकी गेलीय, ती तशीच आहे.

सरळसोट | सोमवार, संध्याकाळी ६:०२

माफ करा पण कबरीवर चादर चढवणं हेच मुळात बरोबर नाही असं आमच्या मशिदीत सांगतात. तेवढ्या पैशात एखाद्या गरिबाला कपडे होतील.

जेद्दा_रिटर्न | सोमवार, संध्याकाळी ६:४५

भाई, ही चर्चा माझ्या घरात दर शुक्रवारी होते, अब्बा एका बाजूला आणि मी दुसऱ्या, अजून निकाल नाही. धागा शिवणकामाचा आहे, तो राहू दे. आणि आपल्याच जळगावात कार्तिकी एकादशीला रामाचा रथ भिलपुऱ्यात लालशाबाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो आणि चादर चढते, आता सांगा त्या चादरीचं काय करायचं 😀

मी जळगावचाच, नऊ वर्षं जेद्दात एसीचं काम केलं. मक्केत उम्मुल जूद भागात किस्वाचा कारखाना आहे, काबागृहावर चढणारं काळं वस्त्र म्हणजे किस्वा, तिथे एकदा आत जायला मिळालं. अड्ड्यावरचा दादा सांगतात ते अक्षरशः तेच, फक्त साईज बघून माणूस गप्प होतो. लांबच लांब फ्रेमा, दोन्हीकडून कारागीर वाकलेले, काळ्या रेशमावर पांढरी छापील रेघ, त्या रेघेत सुताचा भराव रचून रचून उंच केलेला आणि वरून तार. मी फ्रेमच्या कडेने आडवं बघितलं तर अक्षर बोटभर वर आलेलं. एक कारागीर होता, त्याने माझ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

आकडे सांगतो. उंची १४ मीटर, एकूण ४७ तुकडे जोडून होतो. वरच्या भागात जो सोनेरी पट्टा फिरतो तो हिजाम, ४७ मीटर लांब आणि ९५ सेंटिमीटर रुंद. कच्चं रेशीम साडेसहाशे किलोच्या वर, आणि चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली तार १२० किलोच्या आसपास. दारावरचा पडदा वेगळा, त्याला सितारा म्हणतात, त्याच्यावर तर कापड शोधावं लागतं इतकं काम. आणि जो काळा भाग लांबून कोरा वाटतो तो कोरा नसतोच, काळ्यावर काळं विणलेलं असतं, 'या अल्लाह', कलमा, उजेड तिरका पडला तरच दिसतं. पूर्वी हजच्या वेळी ९ जिल्हिज्जाला बदलायचे, २०२२ पासून १ मोहरमला बदलतात.

बऱ्हाणपूरकर | सोमवार, रात्री ९:१०

जेद्दा भाऊ, छान. एक पुरवणी. किस्वा कायम काळा नव्हता. पांढरा झाला, लाल झाला, अब्बासी खलिफा अल-नासिरने आधी हिरवा चढवला आणि मग काळा, तो १२ व्या-१३ व्या शतकापासून काळाच राहिला. त्याच्याही आधी जुना न काढता वर नवा चढवत जायचे, ८ व्या शतकात खलिफा अल-महदी हजला गेला तेव्हा रखवालदार म्हणाले या थरांच्या वजनाने इमारतीला धोका आहे, तेव्हा त्याने सगळे उतरवले. ताईंच्या मखमलीला वजन पेललं नाही, तीच गोष्ट!

नंतर कैक शतकं तो इजिप्तहून यायचा. नाईलकाठची गावंच्या गावं त्याच्या खर्चासाठी वक्फ केलेली. कैरोत १८१७ पासून त्याचा खास कारखाना, दार अल-किस्वा. सोबत उंटावर महमल जायचा, म्हणजे मखमल आणि जरीने मढवलेली अंबारीच, पण आत कुणी नाही, रिकामी. सुलतानाची सत्ता दाखवायला. सारंगखेड्याच्या बाजारात घोडे सजवलेले बघितलेत ना, त्याच्या शंभरपट सजवलेला उंट डोळ्यासमोर आणा. १९२६ मध्ये मिरवणुकीतल्या वाजंत्रीवरून मक्केजवळ मोठी मारामारी झाली आणि इजिप्तचं पाठवणं खंडित झालं. तेव्हा राजा अब्दुल अझीझने १९२७ मध्ये मक्केतच कारखाना काढला, आणि त्याला माग आणि कारागीर कुठून नेले? भारतातून!! इजिप्तचा किस्वा पुढे पुन्हा सुरू झाला आणि १९६२ पर्यंत चालला, पण ती अधली वर्षं आपल्या लोकांच्या हातची.

अड्ड्यावरचा | सोमवार, रात्री ९:३०

सर हे मला माहीत नव्हतं. आमचे उस्ताद म्हणायचे काबाच्या कपड्याला आपला हात लागलाय, आम्हाला वाटायचं म्हातारा फेकतोय.

पैठणीप्रेमी | मंगळवार, सकाळी ११:००

ताई एक विनंती, जरीची तार काळी पडली म्हणून चिंच, लिंबू, टूथपेस्ट काही लावू नका. माझा आजीचा शालू एका ड्रायक्लीनरने असाच 'चमकवून' दिला, पंधरा दिवसांत जर हिरवीकाळी होऊन तुटायला लागली.

अड्ड्यावरचा | मंगळवार, दुपारी १२:२०

बरोबर. खरी जर चांदीची असते, ती काळवंडते पण मरत नाही. तांब्याची हिरवी पडते. आणि आजकालची प्लास्टिकची, तिला काहीच होत नाही, ती मुळात जिवंतच नसते. जुनी जर असेल तर फक्त मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, तीपण वर मलमल धरून. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. पूर्वी गल्लीत 'जुनी जर द्या' म्हणून ओरडत माणसं यायची, शालू जाळून चांदी काढायचे. चाचींच्या सासूने गलेफ दिला नाही हीच मेहरबानी.

फॉलपिको_चोपडा | १९ दिवसांनी, शनिवार, रात्री ११:४८

मंडळी जागे आहात का. काम झालंय पण काहीतरी घोळ आहे.

नीट सांगते. अड्डा नव्हता म्हणून नवऱ्याने जुन्या खाटेच्या दोन गाती आणि दोन बांबू बांधून दिला, मखमल ढोलकीसारखी ताणली. अक्षरं कापून काढली, एकेक करत. पहिलं अक्षर कापताना माझा हात असा कापत होता की शेवटी कात्री ठेवली, चहा केला आणि मग कापलं. मागच्या बाजूने पुठ्ठा दिसला तर काय, कुठल्यातरी विडीच्या पाकिटाचा! त्यावर अर्धं गुजरातीत काहीतरी छापलेलं. ज्या उस्तादाने केलं त्याच्या हाताशी जे होतं ते घेतलं त्याने.

खाका होता म्हणून सगळं जागच्या जागी बसलं. कडेने पुन्हा जर फिरवली. दबका जिथे उसवला होता तिथे नवा भरला, चार रात्री त्यातच गेल्या, डोळ्यांचं पाणी झालं. माझे तुकडे आणि जुने तुकडे शेजारी शेजारी लगेच ओळखू येतात, माझे जरा फुगलेत. असो.

आता घोळ. गाठोड्यात साखरपुड्याच्या आहेराचं एक जुनं पाकीट होतं, त्यात पाच सोनेरी टिकल्या, चौकटीच्या आकाराच्या, मसुराच्या डाळीहून जरा मोठ्या, भरीव. चाची म्हणाल्या वर्षानुवर्षं गळून पडल्या त्या जपून ठेवल्यात. खाक्यात त्या कुठेच नव्हत्या कारण खाका काढायच्या आधीच गळालेल्या. मला वाटलं शोभेच्या टिकल्या. म्हणून मी मधल्या मोठ्या ओळीच्या खाली सारख्या अंतरावर पाचही लावल्या, अगदी मापून. छान दिसतंय हो. पण आत्ता फोटो काढताना उगाच मनात पाल चुकचुकली. फोटो टाकतेय, बाई तुम्ही बघता का?

उर्दूवाल्या_बाई | रविवार, सकाळी ६:१०

फजरला उठले तेव्हा पाहिलं. बेटा, घाबरू नकोस, फक्त टाके मारून पक्कं केलं असशील तर ते सोडव. त्या टिकल्या नाहीत, ते नुक्ते आहेत. तुमच्याकडे अनुस्वार असतो ना, 'मद' वर टिंब पडलं की 'मंद' होतो, तसंच. फक्त आमच्याकडे टिंबावरच सगळा कारभार. तोच वाडग्यासारखा आकार, खाली एक नुक्ता तर बे (ब), वर दोन तर ते (त), वर तीन तर से (स).

मधली मोठी ओळ कलमा आहे. ला इलाह इल्लल्लाह मुहम्मदुर रसूलुल्लाह. आणि या अख्ख्या कलम्यात एकही नुक्ता नाही. एकही नाही! एवढी अक्षरं पण सगळी बिननुक्त्याची. मुलांना मी हे नेहमी फळ्यावर लिहून मोजायला लावायचे. तू जो तिसरा लावलास तो नेमका मुहम्मद मधल्या हे (ह) या अक्षराच्या पोटात पडलाय, त्याचा जीम (ज) झाला, शब्दच बदलला. दोष तुझा नाही, पण आजच काढ.

वरची लहान ओळ बिस्मिल्लाहिर रहमानिर रहीम. तिच्यात चार नुक्ते. पहिल्या बे च्या खाली एक, रहमानच्या नून ला वर एक, रहीमच्या ये खाली दोन शेजारी शेजारी. तुझ्या फोटोत चारही गायब आहेत.

केळीवाला_रावेर | रविवार, सकाळी ८:३०

आई शप्पथ. चार तिथले, मग पाचवा कुठला?

उर्दूवाल्या_बाई | रविवार, सकाळी ८:४१

तेच मी अर्धा तास मोजतेय. जेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा, तर या चादरीवर काढलेल्याच नाहीत.

अड्ड्यावरचा | रविवार, सकाळी ९:५५

ताई जुनी मखमल टाकली का? टाकली नसेल तर खिडकीत धरा. टिकली होती तिथे सुईची भोकं असणार, आणि टिकलीखाली ऊन लागलेलं नसतं, तिथला रंग मूळचा असणार. कापडाची पाठ कधी खोटं बोलत नाही.

फॉलपिको_चोपडा | रविवार, दुपारी ३:३०

जुनी मखमल चाचींनी परत नेली होती, म्हणाल्या हे टाकायचं नसतं, दर्ग्याच्या आवारात पुरणार आहोत. पळत गेले, अजून ट्रंकेतच होती.

खिडकीत धरली. अक्षरांच्या जागी नुसती खिंडारं, पण बाजूला लहान ओळीपाशी, बाई, तुम्ही सांगितलं तिथे, बरोब्बर तिथे, खाली एक, वर एक, आणि पुढे खाली दोन शेजारी. चार चौकटी डाग. आणि काय तो हिरवा रंग!! कोवळ्या कैरीसारखा. आम्हाला वाटत होतं चादर आधीपासून अशी गडद, मातकट होती, ती मुळात इतकी झगझगीत हिरवी होती हे चाचींनापण माहीत नव्हतं, त्या सून म्हणून आल्या तोवर उतरलेली होती. चाची त्या डागावरून बोट फिरवत बसल्या आणि मी तशीच उभी, शिकवणीच्या मुली दुकानात येऊन थांबलेल्या.

पाचवा सापडला. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातल्या फुलाच्या मध्यात. बाकी तीन फुलांना तशीच टिकली आहे, या एकाला नाही, आणि मी १९ दिवस ते फूल बघतेय!

आता उसवायला बसते. कलम्याखालचे टाके मखमलीत रुतलेत, खूण राहील असं वाटतंय.

अड्ड्यावरचा | रविवार, दुपारी ४:१०

खूण राहते. उलट्या बाजूने चहाच्या किटलीची वाफ हलकी दाखवा, टेकवू नका, आणि सरळ बाजूने बेबी ब्रशने मखमलीची लव उलटी फिरवा. इस्त्री अजिबात नाही, मखमल कायमची बसते आणि भरावपण चपटा होतो. नुक्ते लावताना दोऱ्याला मेण लावा, उभेआडवे चार टाके, आणि मागे गाठ न मारता दोरा भरावात घुसवून तोडा.

जेद्दा_रिटर्न | रविवार, संध्याकाळी ७:००

ताई, अब्बांना सगळा धागा वाचून दाखवला. चादरीच्या विरोधातले आहेत ते, तुम्हाला माहीतच आहे. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "ये के नीचे दोनो पास-पास लगाना, दूर नहीं, बोलो उस बच्ची को."

फॉलपिको_चोपडा | बुधवार, रात्री १०:३०

लागले. पास-पास. बाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवून मगच दोरा तोडला.

खूण बऱ्यापैकी गेली, तिसऱ्याची जरा दिसते, पण उजेड तिरका पडला तरच. गलेफ पीव्हीसी पाईपवर मलमल गुंडाळून त्यावर गुंडाळलाय, अक्षरं बाहेरून. विडीचा पुठ्ठा आतच राहू दिलाय.

पैशांचं म्हणाल तर चाचींनी पाकीट दिलं, मी मखमलीचे आणि दबक्याचे घेतले, बाकी परत केले, तर दुसऱ्या दिवशी अर्धा डबा शीरखुर्मा आणि दादर जातीची दोन पायली ज्वारी दारात. संदलला या म्हणाल्यात. आता मला सांगा, तिथे साडी कुठली नेसू?

पैठणीप्रेमी | बुधवार, रात्री १०:३४

हिरवी सोडून कुठलीही.